झिरो रोज हलतो? नॉब सोडा, आधी ग्रुप मोजा

तक्रार नेहमीचीच आहे. रायफल नेमबाजीच्या सरावाला उभं राहिल्यावर पहिले तीन शॉट उजवीकडे जातात, म्हणून साईटचा (नेम धरायच्या साधनाचा) नॉब चार क्लिक, म्हणजे चार खटके, डावीकडे. पुढचे दोन डावीकडे पडतात, म्हणून दोन क्लिक परत. अर्ध्या तासाने नॉब जिथे होता जवळपास तिथेच येऊन थांबतो, पेलेटची (एअर रायफलच्या छऱ्यांची) निम्मी डबी रिकामी झालेली असते आणि दुसऱ्या दिवशी हाच खेळ पहिल्यापासून सुरू. मग साईटवर संशय, साईट बदलली की बॅरलवर, आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यांवर.

बहुतेक वेळा झिरो, म्हणजे साईटचा रोख आणि शॉट पडण्याची जागा यांचा मेळ, हललेलाच नसतो. दोन वेगळे दोष एकच समजून एकाच औषधाने बरे करायचा प्रयत्न चाललेला असतो.

दोन दोष, दोन शब्द

अचूकता म्हणजे तुमच्या सगळ्या शॉटांचं सरासरी केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून किती लांब आहे. सातत्य म्हणजे ते शॉट एकमेकांपासून किती लांब आहेत. पुस्तकात याला परिशुद्धता म्हणतात, रेंजवर सरळ ‘ग्रुप’. या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. ग्रुप नाण्याएवढा घट्ट असून सात नंबरच्या रिंगवर बसू शकतो, आणि पानभर विखुरलेल्या ग्रुपचं केंद्र अगदी टेनवर, म्हणजे मधल्या दहा गुणांच्या ठिपक्यावर, असू शकतं. (मापनशास्त्राच्या आयएसओ ५७२५ मानकात ‘अचूकता’ या शब्दात दोन्ही गोष्टी येतात आणि केंद्राच्या बरोबरपणाला वेगळी संज्ञा आहे. इथे एवढा कीस काढायची गरज नाही.)

साईटचा नॉब फक्त केंद्र सरकवतो. ग्रुप एक केसभरही लहान करणं त्याच्या हातात नाही. म्हणून नॉबला हात लावण्यापूर्वी केंद्र किती सरकलंय आणि ग्रुप किती मोठा आहे, हे दोन आकडे हवेत. ते एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय क्लिकचा निर्णय म्हणजे अंदाजपंचे.

आकड्यांत बघू

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर टेन म्हणजे ०.५ मिमीचा ठिपका, नवाची रिंग ५.५ मिमी व्यासाची आणि पेलेट ४.५ मिमीची. पेलेटच्या कडेने ठिपक्याला स्पर्श केला तरी टेन मिळतो, म्हणजे पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून २.५ मिमीच्या आत असलं की झालं. डेसिमल गुणांत पुढचा प्रत्येक ०.१ हा ०.२५ मिमीचा, म्हणून केंद्रापासूनचं अंतर मिमीमध्ये काढायचं, २.५ ने भागायचं आणि ११ मधून वजा करायचं. गुण हातात येतो.

आता दहा शॉट घ्या. उजवीकडे आणि वर अधिक, डावीकडे आणि खाली उणे, सगळं मिमीमध्ये:

(३, ०), (४, −२), (२, १), (५, −१), (३, ०), (४, −१), (३, १), (२, ०), (५, −२), (४, −१)

आडव्या आकड्यांची बेरीज ३५, सरासरी ३.५. उभ्यांची −५, सरासरी −०.५. म्हणजे केंद्र ३.५ मिमी उजवीकडे आणि अर्धा मिमी खाली. या केंद्रापासून प्रत्येक शॉटचं अंतर काढून त्याची सरासरी घेतली तर १.३४ मिमी येते. तिला आपण सरासरी त्रिज्या म्हणू.

पूर्णांकात या दहा शॉटांचे गुण होतात ९०. आणि हाच ग्रुप, एकही शॉट न बदलता, फक्त केंद्रावर आणून ठेवला, तर सर्वांत लांबचा शॉट २.१२ मिमीवर येतो. दहाच्या दहा टेन, १०० गुण. हात तोच, रायफल तीच. हा शुद्ध अचूकतेचा दोष आहे आणि तो नॉबने दोन मिनिटांत जातो.

उलट उदाहरण: केंद्र बरोबर शून्यावर, पण सरासरी त्रिज्या ४ मिमी. सूत्रात घाला: ११ − १.६ म्हणजे सरासरी ९.४ च्या आसपास. इथे नॉब कुठेही फिरवला तरी गुण कमीच होतील, कारण केंद्र आधीच सर्वोत्तम जागी आहे. पहिल्या नेमबाजाला कुणी ‘ट्रिगर सुधार’ म्हणणं आणि दुसऱ्याला ‘दोन क्लिक दे’ म्हणणं, दोन्ही सल्ले सारखेच निरुपयोगी. दुर्दैवाने रेंजवर हेच सल्ले सर्वांत स्वस्त मिळतात.

प्रत्येक शॉटनंतर क्लिक दिल्याने काय होतं

गुणवत्ता नियंत्रणात संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांच्या नावाशी जोडलेला नरसाळ्याचा प्रयोग आहे. नरसाळ्यातून गोटी एका खुणेवर सोडायची. गोटी खुणेपासून जितकी चुकली तितकंच नरसाळं उलट दिशेला सरकवायचं आणि पुन्हा सोडायची. वाटतं की गोट्या खुणेजवळ येत जातील. होतं उलटं: त्या जास्त विखुरतात. कारण प्रत्येक दुरुस्ती आधीच्या गोटीची यादृच्छिक चूक पुढच्या गोटीत मिसळते. विखुरण्याचं विचरण (पसाऱ्याचा वर्ग) नेमकं दुप्पट होतं, म्हणजे पसारा १.४१ पट.

साईटचा नॉब हेच नरसाळं. वरच्या नेमबाजाने झिरो बरोबर असताना दर शॉटनंतर तेवढी दुरुस्ती केली, तर त्याची सरासरी त्रिज्या १.३४ वरून १.९ मिमीच्या आसपास जाईल. दर शॉटला ०.२२ गुण गेले. ६० शॉटांच्या पात्रता फेरीत हे सुमारे १३ गुण होतात, आणि तेही फक्त मेहनत जास्त केल्यामुळे!

क्लिक द्यायचा की नाही: नियम

दहा शॉटांच्या ग्रुपचं केंद्रसुद्धा योगायोगाने थोडं इकडेतिकडे पडतं. किती, हे ग्रुपच्या आकारावर आणि शॉटांच्या संख्येवर ठरतं. हिशेब करून व्यवहारात वापरता येतील असे आकडे असे निघतात:

- १० शॉट: केंद्र सरासरी त्रिज्येच्या निम्म्याहून कमी सरकलेलं असेल तर हात लावू नका.
- ५ शॉट: सरासरी त्रिज्येच्या साधारण ०.७ पटीपर्यंत दुर्लक्ष.
- ३ शॉट: जवळपास पूर्ण सरासरी त्रिज्येएवढं अंतरही काहीच सिद्ध करत नाही.

हे आडव्या आणि उभ्या दिशेला वेगवेगळं तपासायचं. वरच्या उदाहरणात त्रिज्येचं निम्मं ०.६७ मिमी. आडवी चूक ३.५, ती नक्की खरी आहे, दुरुस्त करा. उभी चूक ०.५, ती सोडून द्या. काल आणि आज अशा दोन दिवसांच्या केंद्रांची तुलना करत असाल तर मर्यादा अजून सैल, कारण दोन्ही केंद्रांत योगायोग आहे: या नेमबाजासाठी दहा-दहा शॉटांवर साधारण १ मिमी. त्याच्या आतला फरक म्हणजे ‘झिरो हलला’ नव्हे.

तीन शॉटांवर झिरो करण्याची सवय याच कारणासाठी मोडायला हवी. शिवाय तीन शॉटांचा ग्रुप नेहमी खोटं कौतुक करतो. एकाच रायफलचे तीन शॉटांचे ग्रुप (सर्वांत लांबच्या दोन शॉटांमधलं अंतर) सरासरी १० मिमी येत असतील, तर पाचांचे साधारण १३ आणि दहांचे १६ मिमी येतील. कुणी ग्रुपचा आकार सांगितला की आधी किती शॉटांचा ते विचारा.

मोजणी कशी करायची

पहिली गोष्ट: हत्यार रिकामं, चेंबर डोळ्यांनी तपासलेलं, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) आत. स्क्रू किंवा साईटला हात लावताना प्रत्येक वेळी हेच.

१. पंधरा मिनिटं सराव करून पोझिशन बसू द्या. हे शॉट मोजायचे नाहीत.

२. नॉबची सध्याची स्थिती लिहून ठेवा. शक्य असेल तर एका टोकापासून किती क्लिक ते मोजा.

३. दहा शॉट मारा. एकच एमिंग पॉइंट, मध्ये नॉबला स्पर्श नाही. हातून नक्की वाईट सुटलेला शॉट असेल तर तो पडल्याचं बघण्यापूर्वीच ‘वाईट’ असं नोंदवा. बघून मग वगळलेला शॉट म्हणजे स्वतःची फसवणूक.

४. कागदी टार्गेट असेल तर एका चकतीवर एकच शॉट. दहा पेलेट एका भोकात गेल्या की कोणती कुठे ते कळत नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर स्क्रीनवरून जागा घ्या. भोकाचं केंद्र काढायला डावी आणि उजवी कड मोजून मधला आकडा घ्यायचा. चपट्या डोक्याची पेलेट स्वच्छ गोल भोक पाडते. पॉइंट टू टूची (०.२२ इंची रायफलची) गोल नाकाची गोळी मात्र कागद फाडत जाते आणि भोक प्रत्यक्ष गोळीपेक्षा लहान दिसतं, त्यामुळे तिथे भोकाच्या व्यासावर भिस्त ठेवू नका.

५. शॉटांचे क्रमांक ठेवा. पुढे ते कामाला येतात.

क्लिक किती मिमी, हे पुस्तिकेवरून न घेता मोजून घ्या. पाच शॉट, मग एकाच दिशेला २० क्लिक, पुन्हा पाच शॉट. दोन केंद्रांतलं अंतर भागिले २०. समजा ७ मिमी आलं, तर एक क्लिक ०.३५ मिमीचा आणि वरच्या ३.५ मिमी चुकीला दहा क्लिक. टेलिस्कोप साईटवर पाव मिनिटाचा (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक असेल तर १०० मीटरवर तो साधारण ७ मिमी, ५० मीटरवर ३.६, ०.१ मिलिरेडियनचा (हेही कोनाचंच माप) असेल तर १०० मीटरवर १० मिमी, ५० वर ५.

दिशेबाबत एक सूचना. काही साईटवरचा बाण शॉट कुठे न्यायचा ते दाखवतो, काहींवर शॉट कुठे पडला असेल तर इकडे फिरवा असं सांगतो. नवी साईट हाती आली की एकदा खात्री करा, नाहीतर दुरुस्तीच्या नावाखाली चूक दुप्पट होते.

ग्रुप मोठा आहे: दोष रायफलचा की हाताचा?

आता वाळूच्या पिशव्यांवर टेकवून दहा शॉट मारा. पिशवी बॅरलखाली नको, फोरएंडखाली (दस्त्याच्या पुढच्या भागाखाली). स्प्रिंग पिस्टन एअर रायफल असेल तर ती कडक पृष्ठभागावर ठेवू नका. ती उडी मारते आणि ग्रुप विनाकारण फाटतो, तेव्हा मऊ आधार आणि हलकी पकड.

या चाचणीतून फक्त पसारा घ्यायचा. केंद्र घ्यायचं नाही. टेकवून मिळालेलं केंद्र आणि उभ्याने किंवा झोपून मिळणारं केंद्र वेगळं असणं स्वाभाविक आहे, कारण खांद्याचा आणि गालाचा दाब बदलतो. टेकवून झिरो केला आणि उभ्याने चुकला, ही ‘झिरो हलतो’ तक्रारीची सर्वांत मोठी शाखा.

दोन पसारे साधे बेरजेत येत नाहीत, वर्गांच्या बेरजेत येतात. रायफल आणि पेलेटचा मिळून पसारा १, हाताचा ४, तर एकूण √१७, म्हणजे ४.१२. महागडी पेलेट आणून रायफलचा भाग निम्मा केला तरी एकूण ४.०३. तोच पैसा आणि वेळ हातावर घालवून ४ चा ३ केला तर एकूण ३.१६. टेकवलेला ग्रुप उभ्याच्या ग्रुपच्या तिसऱ्या हिश्शाहून लहान असेल तर सामान खरेदी थांबवा.

टेकवूनही ग्रुप मोठा असेल तर बघण्याचा क्रम असा: अ‍ॅक्शन (गोळी भरण्या-झाडण्याची यंत्रणा) आणि स्टॉक, म्हणजे दस्ता, जोडणारे स्क्रू (टॉर्क पान्याने, कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर, हाताच्या अंदाजाने नको), फ्रंट आणि रियर साईटचे स्क्रू, बॅरलचं तोंड, मग सफाई, आणि सर्वांत शेवटी पेलेट किंवा काडतुसाचा लॉट (एकत्र बनलेली तुकडी). लोक हा क्रम बरोबर उलटा धरतात. लॉट तपासताना प्रत्येकाचे किमान तीन ग्रुप, दहा-दहा शॉटांचे, आणि लॉट आलटून पालटून. एकाच लॉटचे दोन ग्रुप २० टक्क्यांनी वेगळे येणं अगदी सहज घडतं, त्यामुळे एका सुंदर ग्रुपवरून लॉट निवडणं म्हणजे सोडत काढणं. एअर रायफलसाठी पेलेटच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा बघून घ्या. नळीगणिक पसंती बदलते.

वेगातला फरक उभ्या रेषेत दिसतो. पॉइंट टू टूच्या गोळीचा सरासरी वेग सेकंदाला ३२० मीटर धरला तर ५० मीटरवर ती सुमारे १२ सेंटिमीटर पडते. तोच ३१० झाला तर आणखी ७ ते ८ मिमी खाली. त्या टार्गेटचा टेन १०.४ मिमीचा आहे हे लक्षात घेतलं की काडतुसांच्या एकसारखेपणाला किंमत का आहे ते कळतं.

चूक तीच, पण दोष कोणता?

गोंधळ मुख्यतः इथे होतो, म्हणून जरा थांबून. ‘कॅन्ट, म्हणजे रायफल तिरपी धरणं, हा अचूकतेचा दोष की सातत्याचा?’ असं विचारलं जातं. उत्तर: तो स्थिर आहे की बदलता, यावर ठरतं.

रायफल तिरपी धरली की शॉट त्याच बाजूला जातो, आणि किती जातो ते गोळी त्या अंतरावर जितकी पडते त्यावर अवलंबून असतं. ५० मीटरवर १२ सेंटिमीटर पडणाऱ्या गोळीला ५ अंशांचा कॅन्ट सुमारे १० मिमी बाजूला नेतो. १० मीटर एअर रायफलमध्ये, सेकंदाला १७० मीटर वेगाने, पडणंच १७ मिमी, त्यामुळे तोच कॅन्ट दीड मिमी. आता दर शॉटला बरोबर पाचच अंश कॅन्ट असेल, तर सगळा ग्रुप उचलून बाजूला बसेल. नॉबने तो परत आणला की विषय संपला, पुष्कळ चांगले नेमबाज मुद्दाम कॅन्ट ठेवून खेळतात. पण कधी तीन अंश, कधी सात, तर आडवा फराटा येईल आणि कुठलाही क्लिक तो मिटवू शकणार नाही. तिथे फ्रंट साईटमध्ये बुडबुड्याची लेव्हल बसवून सवय लावावी लागते.

गालाचा दाब, बट प्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या भागाची) जागा, स्लिंगचा (पट्ट्याचा) ताण, एका बाजूने येणारा प्रकाश, वारा, सगळ्यांना हाच न्याय. एकसारखा वारा क्लिकने जातो. झुळूक येत-जात असेल तर वारा पुन्हा पहिल्यासारखा होण्याची वाट बघायची असते, नॉब फिरवायचा नाही.

ग्रुपचा आकार वाचणं

*उभा फराटा.* आधी श्वास: दर शॉट श्वासाच्या एकाच टप्प्यावर सुटतोय का? मग गाल चीक पीसवर एकाच उंचीला बसतोय का. एअर सिलिंडरचा दाब पुस्तिकेतल्या किमान आकड्याखाली गेला असेल तर शॉट हळूहळू खाली उतरत जातात, तेव्हा क्रमांक बघा.

*आडवा फराटा.* ट्रिगर बाजूला ओढला जाणं, कॅन्ट, वारा, आणि नैसर्गिक रोख (शरीर सैल असताना रायफल आपसूक जिकडे वळते ती दिशा) चुकलेला असणं. शेवटचं तपासायला पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोन-तीन श्वास घ्या, उघडा. साईट टार्गेटच्या बाजूला गेलेली दिसली तर हातांनी ढकलून आणू नका, पाय सरकवा. झोपून असाल तर आधाराचं कोपर जागेवर ठेवून कंबर सरकवा. हातांनी ओढून आणलेली रायफल ट्रिगर सुटताना परत पळते, आणि दर वेळी सारखी पळत नाही.

*दोन वेगळे पुंजके.* हा आकार फार बोलका. डोक्याच्या दोन जागा, किंवा मागेपुढे होणारा एखादा भाग. साईट बोटांनी हलवून बघा. दोन पुंजक्यांची सरासरी काढून क्लिक देऊ नका, मधल्या रिकाम्या जागेत झिरो बसेल आणि एकही पुंजका टेनवर येणार नाही.

*क्रमाने सरकणारे शॉट.* पहिला डावीकडे, दहावा उजवीकडे, मधले ओळीत. स्लिंग घसरतेय, पोझिशन ढासळतेय किंवा स्क्रू सैल होतोय. मोठ्या काडतुसांच्या रायफलमध्ये बॅरल तापणंही.

*एकच शॉट लांब, नऊ घट्ट.* त्या शॉटपाशी तुम्ही ‘वाईट’ लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर पुढे चला. नसेल आणि दर ग्रुपला असं होत असेल, तर पेलेट भरताना तिचा घेर वाकतोय का ते बघा.

केंद्र खरंच हललं असेल तर

नियमाची मर्यादा ओलांडून केंद्र दोन-तीन दिवस वेगवेगळ्या जागी येतंय आणि ग्रुप मात्र घट्ट आहे, तर दोष यांत्रिक किंवा मांडणीचा असतो. रियर साईट डव्हटेलवर (साईट बसवायच्या पट्टीवर) दर वेळी एकाच खाचेत, एकाच बाजूला दाबून घट्ट होते का? पेटीत ठेवताना साईट काढत असाल तर पट्टीवर बारीक खूण करा. नॉबमध्ये ढिलाई असेल तर परत येताना पहिले एक-दोन क्लिक वाया जातात. त्यावर उपाय म्हणजे हव्या त्या आकड्याच्या पाच क्लिक पुढे जाऊन नेहमी एकाच दिशेने परत येणं. टेलिस्कोप असेल तर रायफल पिशव्यांवर पक्की ठेवून डोकं वर-खाली हलवा. क्रॉसहेअर टार्गेटवर सरकताना दिसली तर पॅरलॅक्स त्या अंतराला जुळलेला नाही. १०० मीटरला कायम बसवलेली दुर्बीण १० मीटरवर हमखास हे करते. बट प्लेट आणि चीक पीस कितव्या खुणेवर आहेत तेही वहीत हवं, कारण कोणी तरी रायफल हाताळून त्यातला एक आकडा बदलला की सगळं केंद्र सरकतं आणि दोष साईटच्या माथी जातो.

दुरुस्ती करताना हिशेबाने आलेले क्लिक एकदम द्या, अर्धे-अर्धे नाहीत. मग पुन्हा दहा शॉट, पुन्हा केंद्र, आणि वहीत तारीख, प्रकाश, पेलेटचा लॉट, नॉबची स्थिती. नवं केंद्र मर्यादेच्या आत आलं की त्या दिवशी नॉबला पुन्हा हात नाही.